खोकल्याची बाटली फळीवरून उतरवण्याआधी

परंडा तालुक्यातल्या सोनारीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

आज आम्ही औषधांविषयी बोलणार आहोत. आधीच सांगून ठेवतो, आमच्यात कुणी डॉक्टर नाही. आमच्यात आशाताई आहे, अंगणवाडीची मदतनीस आहे, रानात खुरपायला जाणाऱ्या आहेत आणि दरसाल ऊसतोडीला जाणाऱ्याही आहेत. पण लेकराला औषध पाजणारा हात आपलाच असतो. सरकारनं औषधांबद्दल नवीन काही सांगितलं, तर ते डॉक्टरला कळतं, मेडिकलवाल्याला कळतं, आणि आपल्याला कळायचं राहून जातं. म्हणून आजचं बोलणं.

मागच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आम्ही एक काम केलं. प्रत्येकीनं आपल्या घरातली पातळ औषधं पिशवीत घालून आणायची, असं ठरलं होतं. सतरंजीवर त्या बाटल्या मांडल्या आणि आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. बहुतेक बाटल्या खोकल्याच्या. काही अर्ध्या, काही तळाला आलेल्या. कुणाचं लेबल तेलकट होऊन पुसलेलं, कुणाचं फाटलेलं. एका बाटलीचं टोपण दुसरीला बसवलेलं. एक मावशी म्हणाली, "ही माझ्या थोरल्या नातवाची. बरा झाला, पण टाकवली नाही. पैसे मोजलेत की." त्या थोरल्याची बाटली तिनं पुढं धाकट्याला पाजली होती.

हसू नका. हे आपल्या सगळ्यांच्या घरी आहे.

मग आमच्यातली एक ताई बोलायला लागली. तिचं लेकरू तेव्हा दीड वर्षाचं. रात्री खोकल्यानं झोपेना, म्हणून फळीवरची बाटली काढली आणि अंदाजानं अर्धं टोपण पाजलं. पहाटे पुन्हा अर्धं. सकाळी लेकरू उठवलं तरी डोळे उघडेना. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय पाजलं?" ताईला सांगताच येईना. लेबल फाटलेलं, चिठ्ठी हरवलेली. डॉक्टरांना अंदाजानं उपचार करावे लागले. लेकरू संध्याकाळपर्यंत ताळ्यावर आलं, आज अंगणात खेळतंय. पण ताई म्हणाली, "मी त्याला मारायला निघाले नव्हते गं, झोप लागावी म्हणून दिलं." त्या वेळी कुणी काही बोललं नाही. आपण कुणी तिच्या जागी असतो, तर हेच केलं असतं.

छिंदवाड्यात काय झालं

सन २०२५ च्या सप्टेंबर आणि ऑक्टोबर महिन्यांत मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात काय घडलं, ते तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. परासिया भागातल्या लहान लेकरांना साधा सर्दी-खोकला, ताप आला. त्यांना 'कोल्ड्रिफ' नावाचं सिरप दिलं गेलं. थोड्या दिवसांत लेकरांची लघवी कमी झाली, मग बंद झाली. मूत्रपिंडं निकामी झाली. बऱ्याच लेकरांना आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत आणलं होतं. वीसहून जास्त लेकरं दगावली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली.

ते सिरप तमिळनाडूत तयार झालं होतं. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत तपासलं, तेव्हा त्यात डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विष निघालं, ४८.६ टक्के. कायद्यानं चालतं ०.१ टक्का. म्हणजे बाटलीत जवळजवळ निम्मं विषच होतं. ५ ऑक्टोबरला आपल्या महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं सूचना काढली की कोल्ड्रिफची एसआर-१३ ही बॅच कुणी विकू नये, कुणी वापरू नये, आणि कुणाकडे असेल तर कळवावं. पुढे त्या कंपनीचा परवाना रद्द झाला. जागतिक आरोग्य संघटनेनंही इशारा दिला. त्यात कोल्ड्रिफबरोबर रेस्पिफ्रेश टीआर आणि रिलाइफ या आणखी दोन सिरपांची नावं होती.

हे विष औषधात येतं कसं? पातळ औषध दाट आणि गोडसर करायला, त्यात औषधाची पूड विरघळवायला कारखान्यात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन असले पदार्थ वापरतात. औषधासाठी लागणारा माल शुद्ध आणि महाग असतो. रंग, प्लॅस्टिक, गाडीचं ब्रेक ऑइल असल्या कामांसाठी येणारा माल स्वस्त असतो आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं असू शकतं. आलेलं प्रत्येक पिंप तपासल्याशिवाय वापरायचं नाही, असा नियम आहे. तपासणी चुकवली, की ते थेट बाटलीत उतरतं.

आता आपल्या कामाची गोष्ट. हे विष चवीला गोड असतं. त्याला रंग नाही, वास जवळजवळ नाही. बाटली उन्हात धरून बघा, चाखून बघा, काही कळायचं नाही. गरम केलं म्हणून ते जात नाही. दुधात भेसळ आहे का, हे आपण बोटावर घेऊन सांगतो. धान्यातले खडे आपण निवडतो. इथं आपली ही अक्कल चालत नाही. प्रयोगशाळेशिवाय ते ओळखू येत नाही.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही

आपल्याच महाराष्ट्रात हे घडून गेलंय. १९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना उपचारासाठी ग्लिसरीन पाजलं होतं, आणि त्या ग्लिसरीनमध्ये हेच डायइथिलीन ग्लायकॉल होतं. त्यांचीही मूत्रपिंडं बंद पडली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. औषध खरेदी कशी होते, तपासणी कशी होते, कोण डोळेझाक करतं, हे सगळं त्या आयोगानं उघड्यावर मांडलं.

त्याच्याही आधी १९३७ साली अमेरिकेत याच विषात कालवलेल्या औषधानं शंभरावर माणसं गेली, त्यात कितीतरी लेकरं होती. तिथं पुढच्याच वर्षी औषधांचा नवा कायदा झाला. २०२२ साली आफ्रिकेतल्या गांबिया देशात सत्तरच्या आसपास लेकरं मूत्रपिंडं बंद पडून दगावली, तेव्हा आपल्या देशातून गेलेल्या सिरपांवर बोट ठेवलं गेलं. त्यानंतर १ जून २०२३ पासून खोकल्याचं सिरप परदेशी पाठवायचं असेल तर आधी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं, असा नियम आला.

आमच्या बैठकीत एक आज्जी हे ऐकून म्हणाली, "मंजे बाहेरच्या लेकरांसाठी तपासून, आन् आपल्या लेकरांना तसंच?" प्रश्न बरोबर आहे. तो सरकारला विचारायलाच पाहिजे, ग्रामसभेत विचारायला पाहिजे. पण उत्तर येईपर्यंत आपलं लेकरू तर खोकणारच आहे. तोवर आपण काय करायचं?

डॉक्टरांना काय सांगितलंय

३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं देशभरातल्या डॉक्टरांसाठी, दवाखान्यांसाठी सूचना काढली. ती आपण पाठ करून ठेवण्यासारखी आहे.

दोन वर्षांच्या आतल्या लेकराला खोकल्याचं, सर्दीचं सिरप लिहून देऊ नये आणि दुकानातूनही देऊ नये.

पाच वर्षांच्या आतल्या लेकराला ते साधारणपणे देऊच नये.

पाच वर्षांच्या पुढेही डॉक्टरांनी नीट तपासून, कमीत कमी दिवस, ठरलेल्या मात्रेतच द्यावं. एकाच वेळी चार-चार औषधं मिसळून देऊ नयेत.

त्याच सूचनेत आणखी एक गोष्ट आहे. लेकरांचा बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. त्याला आधी भरपूर पातळ पदार्थ, विश्रांती आणि घरची काळजी लागते.

ही अक्कल २०२५ च्या आधीचीच आहे. सर्दीच्या पुष्कळ सिरपांत क्लोरफेनिरामिन आणि फिनिलेफ्रिन ही दोन औषधं एकत्र असतात. ती जोडी चार वर्षांच्या आतल्या लेकरांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं होतं. क्लोरफेनिरामिननं झोप येते. आपल्याला वाटतं, औषध लागू पडलं, लेकरू झोपलं. खोकला गेलेला नसतो, लेकराला गुंगी आलेली असते. आमच्या ताईच्या लेकराचं हेच झालं असणार, असं आशाताई म्हणाली.

म्हणजे दोन गोष्टी जोडून बघा. सिरपात विष आहे का, हे आपल्याला ओळखता येत नाही. आणि सिरप चांगलं असलं, तरी लहान लेकराला त्याचा फारसा उपयोग नाही. मग ज्याचा फायदा नाही, त्यासाठी धोका कशाला घ्यायचा? आजच्या बोलण्यातून हीच एक गोष्ट तुमच्या ध्यानात राहावी, असं आम्हाला वाटतं.

मग खोकल्याला करायचं काय

सहा महिन्यांच्या आतलं लेकरू असेल, तर अंगावरचं दूध पुन्हा पुन्हा पाजत राहा. दुसरं काही नको. त्याच्यापेक्षा मोठ्याला कोमट पाणी, वरणाचं पाणी, पेज द्या. एक वर्षाच्या पुढच्या लेकराला थोडा मध चालतो. पण एक वर्षाच्या आत मध अजिबात चाटवायचा नाही. मधात असणाऱ्या काही जिवाणूंमुळे तान्ह्या लेकराला मोठा आजार होऊ शकतो. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते आशाताईला विचारून घाला. नाकात तेल घालू नका, ते फुफ्फुसात उतरतं. उकळत्या पाण्याचं पातेलं लेकराजवळ ठेवून वाफ देऊ नका, भाजण्याचा धोका असतो. चुलीच्या धुरापासून आणि बिडीच्या धुरापासून लेकराला लांब ठेवा. हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

पण घरगुती काळजीवर कुठवर थांबायचं, हेही कळायला हवं. न्यूमोनियात उशीर चालत नाही. त्यासाठी आशाताईनं आम्हाला श्वास मोजायला शिकवलं. लेकरू शांत असताना, रडत नसताना, दूध पीत नसताना त्याचं पोट-छाती वर येते, ते एक पूर्ण मिनिट मोजायचं. मोबाइलवर वेळ लावा.

दोन महिन्यांच्या आतलं लेकरू असेल आणि मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास भरले, तर लगेच दवाखाना.

दोन महिने ते एक वर्षापर्यंत, ५० किंवा जास्त.

एक ते पाच वर्षांपर्यंत, ४० किंवा जास्त.

आणि हे काही दिसलं, तर मोजत बसू नका: श्वास घेताना छातीच्या खालची बरगडी आत ओढली जाते, लेकरू दूध किंवा पाणी पीत नाही, सगळं उलटून टाकतं, झटके येतात, उठवलं तरी उठत नाही, ओठ निळे पडतात. १०८ ला फोन करा आणि निघा. औषध घेतल्यावर लघवी कमी झाली, उलट्या लागल्या, पोट दुखायला लागलं, तरीही थांबू नका. बाटली सोबत घ्या. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, तर मोठा असो की लहान, क्षयरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

ताप आला तर

तापाला पॅरासिटामॉल देतात, ते ठीक आहे. पण त्यातही घोटाळा होतो, आणि तो आमच्या सतरंजीवरच दिसला. एकाच औषधाच्या तीन बाटल्या होत्या आणि तिन्हींची ताकद वेगळी. तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम. साध्या सिरपच्या ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. जास्त ताकदीच्या सिरपच्या ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम. आता कुणी थेंबांचं औषध सिरप समजून ५ मिली पाजलं, तर लेकराच्या पोटात चौपट औषध जातं. पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृतावर घाव बसतो. शिवाय सर्दीच्या कितीतरी सिरपांत आधीच पॅरासिटामॉल असतं. कोल्ड्रिफमध्येही होतं. वरून तापाचं वेगळं दिलं, की दोनदा झालं.

म्हणून घरातला चमचा वापरू नका. आपले चमचे एकसारखे नसतात. बाटलीसोबत येणारं खुणांचं टोपण किंवा पिचकारी वापरा. डॉक्टरांना 'किती चमचे' विचारू नका, 'किती मिली' विचारा आणि लेकराचं वजन सांगा. मात्रा वजनावर ठरते.

निमेसुलाइड नावाचं औषध तापावर झटकन काम करतं म्हणून पूर्वी सर्रास देत. २०११ सालापासून बारा वर्षांच्या आतल्या लेकरांना ते द्यायला बंदी आहे, कारण यकृताला इजा होऊ शकते. पण घरात मोठ्यांची गोळी असते आणि कुणीतरी म्हणतं, "अर्धी मोडून दे." मोडायची नाही.

बंदी निघते, पण पोचते का

सूचना निघणं आणि ती पोचणं यात किती अंतर असतं, याचं एक उदाहरण आपल्या गोठ्यातलं आहे. जनावराच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देत. असं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. बघता बघता आभाळातली गिधाडं दिसेनाशी झाली. आमच्यातल्या म्हाताऱ्या बायांना रानात उतरणारी गिधाडं आठवतात, आमच्या लेकरांनी ती पाहिलेलीच नाहीत. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झालं. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या मिळत होत्या, त्यातून जनावरांना टोचणं चालूच राहिलं. शेवटी २०१५ साली माणसांसाठीचं इंजेक्शनही एका वेळेपुरतं, ३ मिलीचंच विकायचं, असा नियम करावा लागला. कागदावरची बंदी गोठ्यापर्यंत पोचायला नऊ वर्षं लागली. जनावरांना मेलोक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध आहे. पशुवैद्यांना ते नाव घेऊन विचारा.

आपल्या फळीचंही तसंच आहे. मुंबईतून सूचना निघते, जिल्ह्याच्या औषध निरीक्षकाकडे येते, ठोक व्यापाऱ्याकडे जाते, मेडिकलमधला माल परत जातो. पण जी बाटली महिन्याआधी विकली गेली, ती कुणी परत मागायला येत नाही. ती आपल्या घरी फळीवर असते. ऊसतोडीला निघताना ती गाठोड्यात बांधून फडावर जाते. तिथं कोपीत ना वर्तमानपत्र येतं, ना आशाताई. रात्री लेकरू खोकलं, की तीच बाटली निघते. सूचना तिथवर नेणं हे आपणच करू शकतो.

बाटली वाचायला शिकू या

ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी घरातल्या शाळकरी पोरीला बसवा. तिलाही शिकायला मिळेल.

आधी औषधाचं नाव बघा. कंपनीनं दिलेलं नाव मोठं असतं, खरं औषधाचं नाव खाली बारीक असतं. ते बारीक नाव महत्त्वाचं. मग बॅच नंबर, तयार झाल्याची तारीख, संपण्याची तारीख आणि कंपनीचा पत्ता. सूचना निघते ती बॅच नंबरावर. नंबर नसेल, तर तुमची बाटली त्यातली आहे की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही. म्हणून लेबल फाटलेली बाटली घरात ठेवायची नाही.

डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. जंतुनाशक गोळ्यांच्या पाकिटांवर ती दिसते. काही कडक औषधांसाठी १ मार्च २०१४ पासून मेडिकलवाल्याला वेगळी वही ठेवावी लागते. रुग्णाचं नाव आणि डॉक्टरचं नाव लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपणाऱ्या ३०० औषधांच्या पाकिटावर चौकोनी कोड असतो. मोबाइलनं तो टिपला, की नाव, बॅच, तारीख समोर येते.

आणि बिल मागा. मेडिकलवाला म्हणेल, "एवढ्याशा औषधाचं कशाला बिल, आक्का?" तरी मागा. बिलावर बॅच नंबर असतो. काही झालं तर बिल हाच आपला पुरावा.

डॉक्टरांना विचारायला लाजू नका. आपण भाजी घेताना चार प्रश्न विचारतो. "डॉक्टरसाहेब, हे कशासाठी? किती मिली, दिवसातून कितीदा, किती दिवस? याच्याशिवाय चालेल का?" एवढं विचारलं तर चांगला डॉक्टर रागावत नाही. उलट आपणच कधी कधी डॉक्टरांच्या मागे लागतो, "पातळ औषध द्या, सुई मारा, काहीतरी लिहून द्या." औषधाविना परत आलं, की आपल्याला पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात. हेही आपण बदललं पाहिजे. "याला औषधाची गरज नाही," असं सांगणाऱ्या डॉक्टरनं आपलं कामच केलेलं असतं.

एक गोष्ट चुकीची समजू नका. आम्ही औषधं बंद करा म्हणत नाही. रक्तदाबाची, साखरेची, क्षयरोगाची, फेफऱ्याची गोळी एक दिवसही आपल्या मनानं सोडायची नाही. सोडली तर जिवावर बेततं.

शंका आली तर कुणाला सांगायचं

औषधाच्या दर्जाबद्दल शंका आली, बंदी घातलेली बॅच सापडली, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा फुकट नंबर आहे: १८०० २२२ ३६५. औषध घेऊन त्रास झाला, अंगावर पुरळ आलं, गुंगी आली, तर देशपातळीवर त्याची नोंद होते. त्यासाठी नंबर आहे: १८०० १८० ३०२४. हा कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. रुग्ण स्वतःसुद्धा कळवू शकतो, त्याचा फॉर्म मराठीतही आहे. आधी उपचार, मग फोन. संशयाची बाटली फेकू नका, टोपण घट्ट लावून बिलासकट बाजूला ठेवा. तपासणीला तीच लागते.

तारीख संपलेली, लेबल नसलेली औषधं विहिरीत, नाल्यात, उकिरड्यावर टाकू नका. जनावरं तोंड घालतात, लेकरं उचलतात. आरोग्य केंद्रात किंवा मेडिकलमध्ये विचारून परत द्या.

आमच्या गटानं तीन गोष्टी ठरवल्यात. दर बैठकीत हप्ते झाले की पाच मिनिटं औषधांच्या नव्या सूचनेला. आशाताई तालुक्याहून जे ऐकून येईल, ते ती सांगणार आणि वहीत लिहिणार. दुसरं, वर्षातून दोनदा फळ्या आवरायच्या, एकदा पावसाळ्याच्या तोंडी आणि एकदा दसऱ्याच्या आवराआवरीत. ऊसतोडीच्या टोळ्या त्याच सुमाराला निघतात, म्हणून जाणाऱ्या प्रत्येकीच्या गाठोड्यातली बाटली आधी बघायची आणि दोन्ही फोन नंबर कागदावर लिहून द्यायचे. तिसरं, एकीच्या लेकराचं औषध दुसरीनं मागायचं नाही आणि पहिलीनं द्यायचं नाही. साखर उसनी द्या, पीठ द्या, औषध नको.

ज्या ताईचं लेकरू गुंगीत गेलं होतं, तीच आता आमच्या गटाची वही लिहिते. परवा तिच्या दारात शेजारची सून आली. लेकरू खोकत होतं, बाटली आहे का म्हणून विचारत होती. ताईनं तिला आत बसवलं, लेकराला मांडीवर घेतलं आणि मोबाइलवर एक मिनिट लावून श्वास मोजले. चौतीस भरले. लेकरू दीड वर्षाचं, खेळत होतं, पीत होतं. "बाटली नाही देत," ताई म्हणाली, "कोमट पाणी पाज, आणि रात्री पुन्हा मोज. चाळीसच्या वर गेलं तर मला हाक मार, आपण दोघी जाऊ."

तुमच्या गटातही ही मोजणी शिकून घ्या. आज घरी गेल्यावर आधी फळी बघा. पुढच्या वेळी भेटूच. नमस्कार.